एका दमात किती आकडे

माझी आत्या बत्तीस वर्षं एकाच दवाखान्यात, हृदयाच्या ऑपरेशनच्या विभागात सिस्टर होती. ऑपरेशन झालेला पेशंट आधी काचेच्या खोलीत ठेवायचे आणि दोन-तीन दिवसांनी शेजारच्या वॉर्डात आणायचे. दोन्ही ठिकाणं तिच्या देखरेखीखाली होती. ती ठेंगणी होती, पण हाताचे पंजे पुरुषासारखे मोठे. चालणं भरभर, बोलणं मोजकं. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "राहून गेलं," जसं काही बाजारातून आणायचं एखादं सामान राहून जावं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या, त्यांतल्या दोन तिच्या. पेशंट तिला 'आकडेवाल्या बाई' म्हणायचे. ते नाव कसं पडलं हे सांगायचं तर आधी बाबांपासून सुरुवात करावी लागते.

बाबा चष्म्याच्या काचा घासायचे. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, फिरणाऱ्या चाकासमोर बसून, अठ्ठावीस वर्षं. आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. आजी-आजोबा लवकर गेले, त्यामुळे तिचं शिक्षण बाबांनीच केलं. नर्सिंगला घातलं तेही त्यांनीच. आई घरी शाळेचे गणवेश शिवायची. नणंद-भावजयीचं आमच्याकडे चांगलं पटायचं. आई तिला 'वन्सं' म्हणायची, आणि रविवारी आत्या जेवायला आली नाही तर, "आज काय रुसल्यात का?" असं फोन करून विचारायची.

मी सतरा वर्षांची असताना बाबांच्या छातीत दुखायला लागलं. तपासणीत तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. बायपास करायचं ठरलं, आणि अर्थातच आत्याच्याच दवाखान्यात. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आपलं घरचं माणूस आहे ना तिथे. मला कसली काळजी नाही."

ऑपरेशन छान झालं. आठव्या दिवशी बाबा घरी आले. चार पायऱ्या स्वतः चढले आणि वर येऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "काय, हरले का तुझे डॉक्टर?" मला त्या विनोदाचा अर्थ आजही लागलेला नाही, पण त्या दिवशी आम्ही खूप हसलो.

बाराव्या दिवशी त्यांना आडवं झोपवेना. आडवे झाले की कोरडा खोकला यायचा. दोन उशांच्या तीन झाल्या, मग भिंतीला टेकून बसून झोपायला लागले. जिना उतरून पेपर आणायला जायचे ते बंद झालं. आईनं आत्याला फोन केला. त्या आठवड्यात दोन सिस्टर आजारी होत्या आणि आत्या दुहेरी ड्यूटी करत होती. ती म्हणाली, "वहिनी, अशक्तपणा असतो. एवढी मोठी छाती उघडलेली. उशा जास्त घ्यायला सांगा."

पंधराव्या दिवशी आईनं पुन्हा फोन केला. "बोलताना मध्येच थांबताहेत हो. अर्धं वाक्य झालं की श्वास घ्यावा लागतो." आत्या म्हणाली, "सोमवारी दाखवायला आणायचंच आहे ना? तेव्हा एक्स-रे काढू."

सोमवार उजाडायच्या आधी शनिवारी दुपारीच बाबांचे ओठ निळसर दिसायला लागले. आम्ही त्यांना गाडीत घालून नेलं. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साठलं होतं. फुप्फुसाच्या बाहेरून दोन पातळ पडदे असतात, त्यांच्या मधल्या जागेत. बायपासनंतर थोडं पाणी पुष्कळांच्या छातीत होतं आणि आपोआप जिरून जातं. बाबांचं जिरलं नाही, वाढत गेलं, आणि आत रक्त होतं त्यात जंतू शिरले. नळी घालून जवळजवळ दोन लिटर काढलं. दोन दिवस बरं वाटलं, मग ताप चढला, तो उतरलाच नाही. बाबा आणखी सोळा दिवसांनी गेले.

आई रडली नाही. वॉर्डाच्या दारात आत्या उभी होती, भिंतीला पाठ लावून. आई तिच्यासमोर थांबली आणि एवढंच म्हणाली, "दोनदा फोन केला होता मी."

त्यानंतर नऊ वर्षं त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. आत्या पहिल्या महिन्यात दोनदा घरी आली होती. आईनं दार उघडलं, मला हाक मारली आणि स्वतः मशीनवर जाऊन बसली. आत्या पाच मिनिटं बसून गेली. तिसऱ्यांदा आली नाही. घरात तिचा उल्लेखच करायचा झाला तर आई 'त्या सिस्टर' म्हणायची. मी मात्र अधूनमधून आत्याला भेटायचे. आईला ते माहीत होतं. तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

त्या नऊ वर्षांत आत्यानं काय केलं ते मला थोडं तिच्याकडून कळलं आणि पुष्कळसं तिच्या हाताखालच्या सिस्टरांकडून.

आधी तिनं तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत बसायची परवानगी काढली. ड्यूटी संपली की तासभर तिथे जायची. मागच्या तीन वर्षांत बायपास झालेल्या प्रत्येकाचा कागद तिनं बाहेर काढला. छातीत पाणी झालं म्हणून कोण परत आलं, कितव्या दिवशी आलं, कुठल्या बाजूला झालं होतं, नळी कधी काढली होती, पेशंट चालायला कधी लागला होता. तिला वाटलं होतं, एक कारण सापडेल आणि ते आपण उपटून टाकू. तसं काही सापडलं नाही. काही जणांचं सगळं नीट होऊनही पाणी झालं होतं. काही जणांचं काहीच नीट नव्हतं आणि ते ठणठणीत होते. "मला वाटलं, मी उगाच धूळ खातेय तिथे," ती मला एकदा म्हणाली. "पण मग काही गोष्टी पुन्हापुन्हा दिसायला लागल्या."

ऑपरेशननंतर छातीतलं रक्त आणि पाणी बाहेर यावं म्हणून नळ्या घातलेल्या असतात. त्या खाली बाटलीत जातात. तिच्या लक्षात आलं की पेशंटला कुशीवर वळवलं, चादर बदलली, की नळीला झोळ पडतो. झोळात रक्त थांबतं, थिजतं, आणि नळी आतून बुजते. बाटलीत काही येत नाही म्हणून सगळे खूश. 'ड्रेन कमी झाला' असं लिहितात आणि नळी काढून टाकतात. जे बाहेर यायचं ते आतच राहतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी शिकवतात. पण माहीत असणं वेगळं आणि दर तासाला वाकून बघणं वेगळं.

तिनं दर तासाला वाकून बघायला सुरुवात केली. बाटलीवरचा आकडा लिहून थांबायचं नाही, तर पेशंटच्या छातीपासून बाटलीपर्यंत नळीवरून हात फिरवायचा. झोळ दिसला की सरळ करायचा. नवीन मुली कुरकुरायच्या. तिनं कुणाला झापलं नाही. स्वतः हात फिरवत राहिली, आणि पुढच्या पाळीतल्या कुणी तिच्या हातून काही चुकलेलं शोधून काढलं तर तिला चहा पाजायची. सहा महिन्यांत सगळ्या मुली चहासाठी आत्याच्या चुका शोधायला लागल्या.

मोठ्या डॉक्टरांशी एकदा तिची जुंपली. नळी काढायची ऑर्डर त्यांनी दिली होती आणि आत्यानं काढली नव्हती.

"सिस्टर, ऑपरेशन मी करतो की तुम्ही?"

"तुम्हीच करता सर. नंतरचं आम्ही करतो. नळीत गाठ आहे, एकदा बघून घ्या, मग काढते."

डॉक्टर रागारागानं आले, वाकले, बघितलं आणि तसेच निघून गेले. नळी दुसऱ्या दिवशी निघाली. महिन्याभरानं त्यांनीच आपल्या हाताखालच्यांना सांगितलं की नळी काढण्याआधी सिस्टरना विचारा. हात टेकले म्हणून की पटलं म्हणून, ते आत्याला कधी कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. छातीचं हाड कापलेलं, त्यामुळे माणूस घाबरून वरवर श्वास घेतो. खोकत नाही. दिवसभर पडून राहतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग फुगतच नाही. वेदनेची गोळी वेळेवर दिली तर माणूस हलतो, हे तिच्या कागदात स्पष्ट दिसत होतं. म्हणून ती गोळीच्या वेळेला घड्याळ लावायची, आणि गोळीनंतर पाऊण तासानं पेशंटला उठवायची. छातीशी उशी धरून खोकायला लावायची. तीन रंगीत चेंडू असलेलं श्वासाचं खेळणं असतं, ते दर तासाला दहा वेळा ओढायला लावायची. नंतर वॉर्डातून फेऱ्या.

आणि तिसरी गोष्ट घरी गेल्यानंतरची. जे लोक फार वाईट अवस्थेत परत आले होते, त्यांच्या कागदांत एक वाक्य पुन्हापुन्हा होतं. 'आठवड्यापासून दम लागत होता, अशक्तपणा समजून घरीच.' ते कुणी समजलं होतं, हे कागदात लिहिलेलं नव्हतं. आत्याला लिहिलेलं असायची गरज नव्हती.

तिनं फोन करायला सुरुवात केली. प्रत्येक पेशंटला घरी गेल्यापासून दहाव्या दिवशी एक आणि विसाव्या दिवशी एक. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळीचा घास आणि कानाशी फोन. किती उशा घेऊन झोपता? खोकला आहे का? सकाळी वजन किती भरलं? पायाला सूज? आणि शेवटी, "आता दीर्घ श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा. जितके होतील तितके."

घरी जाताना प्रत्येकाकडून ती हे म्हणवून घ्यायची आणि आकडा लिहून ठेवायची. कुणाचा वीस, कुणाचा तीस. दुसऱ्याशी तुलना नाही, ज्याची त्याच्याशीच. आकडा घसरला असला की दुसऱ्या दिवशी बोलवायची. म्हातारे लोक म्हणायचे, "बाई, या वयात पुन्हा शाळेत घातलंत." एक रिटायर झालेले ट्रक ड्रायव्हर फोनवर मुद्दाम शंभरपर्यंत म्हणायचे, मध्ये गपचूप तीनदा श्वास घेऊन. आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आता चोरी न करता."

पाणी होणं बंद झालं नाही. पण कमी झालं, आणि ज्यांचं झालं ते चालत आले, स्ट्रेचरवरून नाही. तरीही चौथ्या वर्षी एक बाई गेल्या. फोन दोन वेळा लागला नव्हता आणि आत्या तिसऱ्यांदा करायची राहिली होती. ती गोष्ट तिनं मला सांगितली तेव्हा तिचा आवाज सपाट होता. तिनं पुढे एकच वाक्य जोडलं. "त्या घरातही कुणीतरी दिवस मोजत असेल."

नऊ वर्षं झाली आणि आईला जिना चढताना डाव्या हातातून कळ यायला लागली. तीन दिवस तिनं लपवलं. चौथ्या दिवशी गणवेशाचा गठ्ठा घेऊन मधल्या पायरीवर बसलेली मला सापडली. तपासण्या झाल्या. बायपास.

"कुठेही ने," आई म्हणाली. "त्या दवाखान्यात नको."

पण दुसऱ्या दोन ठिकाणी जाऊन आलो आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांनी त्याच दवाखान्याचं नाव घेतलं. मी आत्याकडे गेले. ती औषधांच्या कपाटासमोर उभी राहून बाटल्या मोजत होती. मी सांगितलं तशी तिचा हात थांबला.

"आईला विचारून ये," ती म्हणाली. "मी वॉर्डात असलेली चालणार नसेल तर मी तेवढे दिवस रजा घेते. मुली तयार आहेत. माझ्यावाचून काही अडणार नाही."

घरी येऊन मी ते जसंच्या तसं आईला सांगितलं. आईनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "रजा कशाला? राहू दे. फक्त माझ्याशी बोलायचं नाही म्हणावं."

आत्यानं ती अट पाळली. अक्षरशः पाळली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मला काचेतून दिसायचं, आत्या आईच्या पलंगाशी वाकून नळीवरून हात फिरवतेय. छातीपासून खाली बाटलीपर्यंत. दर तासाला. आई डोळे मिटून पडलेली, किंवा मिटल्यासारखे करून. तिसऱ्या दिवशी आई वॉर्डात आली आणि मग सुरू झालं ते एखाद्या दुसऱ्या वेळी हसण्यासारखं वाटलं असतं.

"आईला सांग, उशी छातीशी घट्ट धरून खोकायचंय," आत्या मला म्हणायची.

आई तिथेच, हातभर अंतरावर. "तिला सांग, दुखतं."

"आईला सांग, म्हणूनच गोळी दिलीय. पाऊण तास झाला."

"सांग, झोप येतेय."

मी दोघींच्या मध्ये उभी राहून निरोप्याचं काम करत होते. शेजारच्या पलंगावरच्या आजीबाई टक लावून बघत होत्या. शेवटी त्या मला म्हणाल्या, "अगं, दोघींना ऐकू येतं ना?"

चौथ्या दिवशी आईनं फेऱ्या मारायला नकार दिला. चेंडूंचं खेळणं उशीखाली ढकललं. नळ्या निघाल्या होत्या. एक्स-रेमध्ये डावीकडे खाली थोडी पांढरट रेघ होती. डॉक्टर म्हणाले की एवढं चालतं, पण फुप्फुस फुगवायला हवं. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली की हिला बरं व्हायचंच नाहीये.

आत्या आली. माझ्याकडे बघितलंच नाही. स्टूल ओढून पलंगाच्या त्या बाजूला, भिंत आणि आई यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत बसली, आईच्या तोंडासमोर.

"वहिनी, उठा."

आईनं डोळे उघडले. मग तेच वाक्य, नऊ वर्षांपूर्वीचं. "दोनदा फोन केला होता मी."

"हो. दोन्ही वेळा मीच उचलला." आत्याचे दोन्ही हात मांडीवर होते. "पहिल्यांदा मी चुकले. ते मी स्वतःला कदाचित माफ केलं असतं. दुसऱ्यांदा तुम्ही बोलत होतात तेव्हा मागे दादा खोकत होता. मी ऐकलं वहिनी. तो खोकला मला माहीत होता. वर्षाला वीस-पंचवीस जणांचा ऐकते मी तो. पण मी अठरा तास उभी होते, आणि मला वाटलं, सोमवार चारच दिवसांवर आहे."

आईनं मान थोडी उचलली.

"हे मी कुणाला सांगितलेलं नाही," आत्या म्हणाली. "तुम्हाला सांगायला आले होते दोनदा. तुम्ही मशीनवर बसलात."

शेजारच्या आजीबाईंनी कूस बदलून पाठ केली. मी पडद्याला धरून उभी होते. आईचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठीवरचा पांढरा दोरा, गाऊनच्या गाठीचा. मग आई हळूहळू उठून बसली, उशीखालून ते खेळणं काढलं आणि तोंडाला लावलं. एकच चेंडू वर गेला, तोही अर्धा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दुखल्यामुळे की कशामुळे, मला माहीत नाही.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

नवव्या दिवशी आई घरी आली. निघताना तिनं एका दमात चोवीस आकडे म्हटले. आत्यानं तो आकडा लिहून घेतला, आणि मला निरोप दिला नाही, सरळ आईलाच सांगितलं. "रोज सकाळी वजन करायचं आणि रोज म्हणायचं. कमी झालं तर वाट बघायची नाही." आईनं मान हलवली. तेवढंच. एका भेटीत नऊ वर्षं भरून निघाली असं काही झालं नाही. वॉर्डातून बाहेर पडताना आईनं मागे वळूनही बघितलं नाही.

घरी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहीत होते. चोवीस, पंचवीस, पंचवीस. दहाव्या दिवसाचा आत्याचा फोन आला तेव्हा आईनं पंचवीस म्हणून दाखवले आणि फोन माझ्या हातात दिला. घरी आल्याच्या तेराव्या दिवशी बावीस झाले. आई म्हणाली, "रात्री झोप झाली नाही नीट." चौदाव्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर आई खुर्चीत ताठ बसून फोनवर बोलत होती. वाक्याच्या मध्ये थांबत होती.

"वन्सं, आज सतराच झालेत. वजन दीड किलोनं वाढलंय. आणि रात्री तीन उशा घेतल्या मी, पोरीला कळू दिलं नाही." थोडं थांबून म्हणाली, "मला भीती वाटतेय हो."

पलीकडून आत्या काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून आई म्हणाली, "निघायचंय. त्या खाली उभ्या राहतात म्हणाल्या."

दवाखान्याच्या फाटकात आत्या खरंच उभी होती, व्हीलचेअर घेऊन. सकाळचे साडेनऊ वाजले होते. सोनोग्राफीत दिसलं, डावीकडे पाणी साठलं होतं. बाबांच्या मानानं फार थोडं. पण वाढणारं. सगळं नीट करूनही झालं होतं. नळीला झोळ पडू दिला नव्हता, गोळ्या वेळेवर दिल्या होत्या, फेऱ्याही शेवटी झाल्याच होत्या. मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण हात काम करत होते.

सुईनं पाणी काढायचं ठरलं. पेशंटला पलंगाच्या कडेला बसवतात आणि पुढे वाकवतात, म्हणजे पाठीतून सुई घालता येते. हात टेकायला चाकांचं टेबल होतं, ते सारखं सरकत होतं. आत्यानं ते बाजूला ढकललं आणि स्वतः आईच्या समोर उभी राहिली.

"माझ्यावर टेका."

आईनं दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि कपाळ तिच्या गळ्याशी टेकवलं. डॉक्टर मागून सुई घालत होते. "हलायचं नाही. खोकला आला तर सांगा." आत्याचे ते मोठे पंजे आईच्या दंडांवर होते. वीस मिनिटं त्या तशाच होत्या. बरणीत पाणी येत होतं, फिकट चहासारखं, थोडी लालसर झाक असलेलं.

झाल्यावर आईला आडवं केलं. ती उताणी झोपली, एका उशीवर, आणि खोल श्वास घेतला. मग मान वळवून बरणीकडे बघितलं.

"किती आहे?"

"सातशे मिली," आत्या म्हणाली.

"ह्यांचं किती होतं?"

आत्यानं बरणीचं झाकण लावलं. आई तिच्याकडे बघत होती.

"दोन लिटरला थोडं कमी."

आईनं मान पुन्हा छताकडे केली. "पंधराव्या दिवशी किती असेल?"

"माहीत नाही वहिनी. याच्याहून थोडं जास्त असेल."

मला वाटलं, आता हे इथंच तुटणार. पण आईनं आपला हात पलंगाच्या कडेला सरकवला. आत्यानं तो धरला नाही, तिला धैर्य झालं नाही बहुतेक. तिनं फक्त त्या हातावर चादर ओढली.

दोन दिवसांनी आई परत घरी आली. पाणी कमी व्हायच्या गोळ्या दिल्या होत्या. एक्स-रे आठवड्यानं पुन्हा काढला, महिन्यानं पुन्हा. डावी बाजू स्वच्छ होत गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा घरी काढला असता तर नळी घालावी लागली असती, आणि पुढचं काही सांगता आलं नसतं.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मी आईला एकदा विचारलं होतं, "आत्याला माफ केलंस का गं तू?" ती गुडघ्यावर कापड पसरून खडूनं रेघा मारत होती. म्हणाली, "ते मला येत नाही. मी प्रयत्न केला. ह्यांची आठवण आली की अजून राग येतो." खडू झटकून पुढे म्हणाली, "पण तिलाही त्यांची आठवण येते. माझ्याइतकीच. तुला नाही येत तेवढी." मला ते लागलं, पण खरं होतं.

आत्या गेल्या वर्षी निवृत्त झाली. फोन मात्र बंद पडलेले नाहीत. दोन सिस्टरांना रोजच्या कामातच ती वेळ दिली आहे, छापील कागदावर प्रश्न आहेत, शेवटी आकडेही आहेत. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी तिला खुर्चीत बसवलं. मोठे डॉक्टर दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्याला अडकले. आत्याला बोलायला सांगितलं तर तिनं, "सहा नंबरची नळी उद्याच काढा, आज नको," एवढं सांगितलं आणि उठली.

तिच्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. सामान असं फारसं नव्हतं. एका फेरीत तिच्यासकट सगळं आमच्याकडे आलं. दुपारी जेवण झाल्यावर ती आईच्या पलंगावर सहज म्हणून आडवी झाली आणि झोपली. आईला संध्याकाळपर्यंत चाळीस गणवेश द्यायचे होते. ती मशीनपाशी आली, आत्याकडे बघितलं, मशीनवरचं झाकण परत घातलं आणि कापडं, सुईदोरा आणि कात्री घेऊन दाराबाहेर जिन्यात जाऊन बसली. हातशिलाईनं जेवढं होईल तेवढं करत राहिली.

मी विचारलं, "उठवू का तिला? पाच वाजले."

"झोपू दे," आई म्हणाली. "शाळेला मी सांगते उद्याचं."